जबाबदारीचे वाङ्मय

मराठीत दरवर्षी किती कादंबऱ्या निघाल्या, किती कथासंग्रह आले आणि त्यांतले वाचण्याजोगे किती, याचा ताळेबंद दिवाळीच्या सुमारास कोणी ना कोणी मांडतोच. कविता, नाटक, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, इतकेच काय, पाकशास्त्रावरची पुस्तकेसुद्धा समीक्षकाच्या तावडीतून सुटत नाहीत. असे असूनही एक वाङ्मयप्रकार गेली दहा-बारा वर्षे आमच्या डोळ्यांसमोर भराभर वाढला आहे आणि त्याच्याकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. त्याचा कागद गुळगुळीत असतो, छपाई निर्दोष असते, छायाचित्रे तर अशी, की आमच्या दिवाळी अंकांनी मान खाली घालावी. किंमत काहीच नसते. कोणीही मागावे, कोणीही वाचावे. फक्त वाचणारा भेटत नाही. हा प्रकार म्हणजे मोठमोठ्या कारखानदार कंपन्यांचे 'सामाजिक उत्तरदायित्वा'चे अहवाल.

'हे कसले वाङ्मय?' असे रसिक वाचक विचारतील. पण जरा थांबून पाहावे. ज्यात कोणी तरी निवेदक आहे, एक नायक आहे, त्याच्या हातून घडलेल्या गोष्टी आहेत, शेवट गोड आहे, आणि वाचणाऱ्याने हे सारे खरे मानावे अशी इच्छा आहे, त्या लिखाणाला वाङ्मय म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? आणि वाङ्मय म्हटले, की त्याने टीकेला तोंड दिले पाहिजे. कथाकाराला आम्ही विचारतो, की बाबा, तुझी माणसे खरी का वाटत नाहीत? तोच प्रश्न कंपनीला विचारायला संकोच का वाटावा?

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ताळेबंदातले बारकावे मला कळतात असा माझा दावा नाही. पण मुलांचे निबंध तपासण्यात आणि स्वतःच्या कादंबऱ्या खोडून पुन्हा लिहिण्यात निम्मे आयुष्य गेल्यामुळे एखादे वाक्य कुठे पोकळ वाजते, हे कानाला समजते. शिवाय या वाङ्मयाशी माझे एक नाते आहे. त्यातल्या एका पुस्तकात मी स्वतः एक पात्र आहे.

ते असे. आमच्या भागातल्या एका कारखान्याने आमच्या शाळेला मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून दिले, बाके दिली, आणि एका जुलै महिन्यात पाचशे रोपे आणून दिली. त्या वर्षीच्या अहवालात आमच्या शाळेला दीड पान मिळाले. छायाचित्रात मुली हसताहेत, मुख्याध्यापकांच्या हाती हार आहे आणि कडेला अर्धा कापलेला मी आहे. स्वच्छतागृह खरे आहे आणि त्याचा उपयोगही खरा आहे. सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली आता दहावीपर्यंत येतात, हे मी हजेरीपटावरून सांगतो. त्याबद्दल कारखान्याचे आभार मानताना माझी जीभ अडखळणार नाही.

पण शाळेच्या मागे एक ओढा आहे. तो कारखान्याच्या अंगाने खाली येतो. त्याच्या पाण्याला फेस असतो, आणि पावसाळा सोडला तर गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्यांची शेते आहेत, त्यांनी आपल्या विहिरींचे पाणी प्यायचे सोडून दिले आहे. अहवालात शाळेला दीड पान आहे. ओढ्याला एक ओळही नाही. समारंभात कारखान्याच्या साहेबांना ज्या पालकाने हार घातला, त्याचीच विहीर ओढ्याकाठी आहे. मी नंतर त्याला बाजूला घेऊन विचारले, तर तो म्हणाला, "गुरुजी, पोरीची सोय झाली न्हवं? हिरीचं मागनं बघू."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. त्यात लाचारी नव्हती, रागही नव्हता. एका हाताने मिळालेले आणि दुसऱ्या हाताने गेलेले यांचा हिशेब एकाच वहीत मांडायचा असतो, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक होते. फक्त ती वही त्याच्या हाती नव्हती. ती ज्यांच्या हाती आहे, त्यांनी त्यात काय लिहिले आणि काय गाळले, हे पाहणे हेच समीक्षकाचे काम.

*

मग मी असे अहवाल मिळतील तिथून मिळवून वाचू लागलो. पंधरा-वीस वाचल्यावर या प्रकाराची काही लक्षणे ध्यानात आली. आरंभी अध्यक्षांचे मनोगत असते. त्यात पृथ्वी, भावी पिढी आणि आपली प्राचीन संस्कृती या तिघींचा उल्लेख ठरलेला. नंतर रोप हाती घेतलेली एक मुलगी. ती प्रत्येक अहवालात निराळी असते आणि तरी एकच वाटते. नंतर आकडे येतात. इतकी झाडे, इतकी गावे, इतके 'लाभार्थी'. रोपे किती लावली हे सांगितलेले असते. त्यांतली किती जगली, हे सांगण्याची पद्धत अजून पडायची आहे. आमच्या पाचशेंपैकी दुसऱ्या उन्हाळ्यात आठवीच्या मुलांनी मोजली ती साठ भरली. त्यातही कडुनिंबच अधिक, कारण शेळ्यांना वाटेतला कडुनिंब तेवढा आवडत नाही.

सर्वांत मौजेची गोष्ट व्याकरणाची आहे. देण्याघेण्याचा मजकूर असला, की वाक्यात कर्ता उघड असतो. आम्ही शाळा बांधली, आम्ही तळे खोदले, आम्ही हात दिला. कर्ता कसा छाती पुढे काढून उभा! पण गोष्ट धुराची, सांडपाण्याची किंवा अपघाताची निघाली, की कर्ता एकाएकी वाक्यातून निघून जातो. तिथे 'उत्सर्जन आढळून आले' असते, 'मर्यादेचे उल्लंघन झाल्याचे निदर्शनास आले' असते. कोणी केले? वाक्यात कोणीच नाही. माझ्या वर्गातला मुलगाही 'बाई, मी फळा पुसला' असे म्हणतो आणि 'बाई, दौत सांडली' असेच म्हणतो. मुलाला आपण हसतो, कारण त्याची युक्ती आपल्याला कळते.

कथेच्या दृष्टीने पाहिले, तर या वाङ्मयाचा मोठा दोष असा, की त्यातल्या नायकाचे कधी काही जात नाही. त्याला मोह पडत नाही, अडचण येत नाही, काही सोडून द्यावे लागत नाही. तो फक्त देतो, आणि देऊनही पहिल्यापेक्षा श्रीमंत होतो. असा नायक पुराणातसुद्धा नाही. हरिश्चंद्राला राज्य सोडावे लागले, कर्णाला कवचकुंडले कापून द्यावी लागली. ज्या दानाने दात्याच्या घरात काही हलत नाही, त्याची गोष्ट रंगावी तरी कशी?

*

हा दोष केवळ लेखकांचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे मूळ कायद्याच्या रचनेतही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठते, तिने मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला किमान २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा, असे हे कलम सांगते. आपल्या परिसराला आधी प्राधान्य द्यावे, असेही त्यात आहे. सुरुवातीला खर्च झाला नाही, तर कारण सांगून सुटता येत असे. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरवून दिलेल्या निधीत भरावी लागते आणि कसूर झाल्यास दंड होतो. इतका स्पष्ट नियम करणारे देश जगात थोडे आहेत. आपल्याला त्याचा अभिमान वाटला तर त्यात वावगे नाही.

पण याच नियमांत एक तरतूद आहे, आणि माझ्या मते या साऱ्या वाङ्मयाची किल्ली तिच्यात आहे. कंपनीच्या नित्य व्यवसायाचा भाग असलेले काम या दोन टक्क्यांत धरता येत नाही. म्हणजे कारखान्याने आपलेच सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले, तर तो खर्च समाजकार्य ठरत नाही. हे योग्यच आहे. १९७४ च्या जलप्रदूषणाच्या कायद्याने ते त्याचे कर्तव्यच आहे, आणि कर्तव्य करून त्याची दानात गणना करणे ही लबाडी झाली असती. आपल्या घरचा केर काढला म्हणून कोणी गावजेवणाचे पुण्य मागत नाही.

परिणाम मात्र विचित्र झाला. 'जबाबदारी' या शब्दाचा मुक्काम कारखान्याच्या कुंपणाबाहेर पडला. कुंपणाबाहेर जे घडते ते जबाबदारीच्या पुस्तकात, आणि कुंपणाच्या आत जे घडते ते दुसऱ्या दप्तरात. नफ्याच्या शंभरांतले दोन रुपये कसे खर्च झाले याचे रंगीत पुस्तक निघते. ते शंभर रुपये कसे मिळाले, कोणत्या नदीचे पाणी घेऊन, कोणाच्या शेतावरून धूर नेऊन, हे विचारायला त्या पुस्तकात जागाच नाही. धर्म आणि दान यांत आपल्या आजीला कळणारा फरक आहे. ती भिकाऱ्याला मूठभर पीठ घाली, पण दूध विकताना त्यात पाणी घालीत नसे. पहिल्या गोष्टीने दुसरीची भरपाई होते, असे तिला कोणी पटवू शकले नसते.

*

सुदैवाने कुंपणाच्या आतले दप्तरही आता थोडेफार उघडे झाले आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून एक निराळा तक्ता भरणे सक्तीचे केले. त्यात छायाचित्रांना वाव नाही. पाणी कोठून किती घेतले, वीज किती वापरली, घनकचरा किती निघाला, हवेत काय सोडले, हे चालू वर्षाचे आणि गेल्या वर्षाचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे असतात. आजूबाजूच्या लोकांच्या तक्रारी किती आल्या आणि किती शिल्लक राहिल्या, हेही तिथे लिहायचे असते. वाचायला रुक्ष, डोळ्यांना त्रासदायक. पण दोन्ही पुस्तके वाचल्यावर वाङ्मय म्हणून मी या तक्त्याला वरचा क्रमांक देईन. त्यात कर्ता पळून जाऊ शकत नाही.

तक्ता वाचतानाही एक सावधगिरी हवी. ती सणाच्या भाषेत सांगतो. गेल्या दिवाळीत एका घरी शंभर चकल्या झाल्या आणि स्वयंपाकघरात दहा घागरी पाणी लागले. यंदा दोनशे चकल्या झाल्या आणि पंधरा घागरी लागल्या. गृहिणी म्हणेल, की दर चकलीमागे पाण्याची बचत केली, आणि ते खरे आहे; तिच्या हाताला शाबासकी दिलीच पाहिजे. पण विहिरीला चकल्यांची संख्या कळत नाही. तिच्यातून पाच घागरी अधिक गेल्या, एवढेच तिला कळते. तक्त्यात दोन्ही आकडे असतात. एकूण पाणी किती, आणि उलाढालीच्या दर रुपयामागे किती. रंगीत पुस्तकात उचलला जातो तो बहुधा दुसरा. विहिरीकाठच्या माणसाने पहिला पाहावा.

तक्रारींच्या रकान्यात कित्येक ठिकाणी मला शून्य दिसले. तो शून्य खोटाच असेल असे मी म्हणत नाही. 'हिरीचं मागनं बघू' असे म्हणणारा माणूस तक्रार लिहून देत नाही, एवढे मला ठाऊक आहे.

आणि आकडा झाला तरी तो मांडणाऱ्याच्या सचोटीइतकाच खरा. याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीचे. 'स्वच्छ डिझेल' म्हणून या कंपनीने अमेरिकेत मोटारी खपवल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये एका नामांकित जागतिक निर्देशांकाने जबाबदार मोटार-कंपन्यांत तिला पहिले स्थान दिले. त्याच महिन्याच्या १८ तारखेला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले, की या मोटारींत अशी संगणकी योजना बसवली आहे, की धुराची तपासणी चालू आहे हे मोटारीला ओळखता यावे. तपासणीपुरता धूर सोज्वळ. रस्त्यावर आल्यावर विषारी नायट्रोजन ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही योजना असल्याचे कंपनीने कबूल केले. पुढल्या महिन्यात तिचे नाव त्या निर्देशांकातून काढले गेले.

शाळामास्तराला ही गोष्ट ऐकून आश्चर्य वाटत नाही. दिपोटीसाहेब यायच्या दिवशी कोणती मुले पहिल्या बाकावर बसवायची, हे आमच्या व्यवसायात पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. या प्रकरणात यंत्रानेच ते शिकून घेतले होते, एवढेच नवे. पण यातून एक गोष्ट नीट कळते. ती फसवणूक बनवायलाही बुद्धी लागली, कुशल इंजिनिअर लागले, पैसा लागला. तीच बुद्धी धूर खरोखर कमी करण्याकडे वळवता आली असती. म्हणजे उणीव बुद्धीची नव्हती.

*

मग या प्रकारात चांगली कृती नाहीच काय? आहे. मला आवडलेली एक सांगतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात इंटरफेस नावाची गालिचे बनवणारी कंपनी आहे. कचेऱ्यांतून जमिनीवर अंथरतात ते चौकोनी तुकड्यांचे गालिचे. रे अँडरसन नावाच्या गृहस्थाने ती १९७३ साली काढली. हा गालिचा म्हणजे बहुतांशी खनिज तेलच. धागा नायलॉनचा, पाठही तेलापासूनची. १९९४ मध्ये गिऱ्हाईके विचारू लागली, की पर्यावरणासाठी तुमची कंपनी काय करते? अँडरसन यांच्यापाशी 'आम्ही कायदा पाळतो' यापलीकडे उत्तर नव्हते. त्याच सुमारास पॉल हॉकेन यांचे व्यापार आणि निसर्ग यांच्या संबंधांवरचे एक पुस्तक त्यांच्या हाती आले, आणि साठीला आलेल्या या कारखानदाराने ठरवले, की २०२० पर्यंत आपल्या धंद्याने निसर्गाला होणारा अपाय शून्यावर आणायचा.

इथे एखाद्या सामान्य कथाकाराने वृक्षारोपण घातले असते. अँडरसन यांनी कारखान्याच्या आत नजर वळवली. १९९५ च्या एका वर्षात आपल्या मालासाठी पृथ्वीच्या पोटातून किती द्रव्य काढले गेले, याचा हिशेब त्यांनी करवून घेतला. तो सुमारे १२० कोटी पौंड निघाला, आणि १९९८ साली लिहिलेल्या स्वतःच्या पुस्तकात त्यांनी तो आकडा छापला. स्वतःला पृथ्वीचा लुटारू म्हणण्याइतका मोकळेपणा त्यांच्या अंगी होता. वाक्यात कर्ता कसा असावा, याचा याहून चांगला धडा मी मुलांना देऊ शकणार नाही.

त्यातून निघालेली एक युक्ती तर कवीला सुचावी अशी आहे. गालिच्याचे सगळे चौकोन एकाच रंगाचे असले, की एक झिजला किंवा डागाळला तर त्याच रंगछटेचा दुसरा मिळत नाही, आणि बसवताना दिशा जुळवण्यात कापाकापीही फार होते. कंपनीच्या रचनाकारांनी जंगलातल्या जमिनीकडे पाहिले. तिथे दोन पाने सारखी नसतात, तरी जमीन एकसंध दिसते. त्या धर्तीवर २००० साली त्यांनी असा गालिचा काढला, की ज्याचा प्रत्येक चौकोन किंचित वेगळा. कोणताही तुकडा कोठेही, कोणत्याही दिशेने बसवा. नासधूस घटली आणि तो मालही चांगला खपला. पुढे फिलिपाइन्समधल्या कोळ्यांची टाकून दिलेली नायलॉनची जाळी गोळा करून त्यांपासून धागा करण्याच्या उद्योगातही कंपनी पडली.

याच गोष्टीत अपयशही आहे, आणि म्हणून ती मला खरी वाटते. गालिचा विकायचाच नाही, भाड्याने द्यायचा आणि झिजल्यावर परत नेऊन पुन्हा नवा करायचा, अशी योजना त्यांनी काढली होती. तिला गिऱ्हाईकच फारसे मिळाले नाही. २०११ मध्ये अँडरसन वारले. २०१९ मध्ये कंपनीने ठरवलेले उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. आपल्या गालिचांना 'कार्बन-तटस्थ' म्हणवून घेताना तिने विकत घेतलेल्या भरपाईच्या दाखल्यांचाही आधार घेतला आहे. तेव्हा टीकेला जागा उरते. पण पंचवीस वर्षांच्या या गोष्टीत नायकाने काही तरी पणाला लावले होते, एवढे खास. आपल्या मालाची कृतीच त्याने बदलायला घेतली.

*

इतके दूर जाण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे हे नव्हतेच असे मात्र नाही. उसाच्या रानात गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आठवेल, की काहिलीखालच्या चुलवाणात जळते ते त्याच उसाचे चिपाड. रस काढून उरलेले वाळवायचे आणि त्याच्यावरच रस आटवायचा. बाहेरचे लाकूड तोडायला नको. गुळव्याने याचा कधी अहवाल काढला नाही. आमच्या साखर कारखान्यांनी तीच गोष्ट मोठ्या बॉयलरात केली. चिपाडाला ते बगॅस म्हणतात. ते जाळून वाफ होते, वाफेवर कारखाना चालतो, आणि उरलेली वीज बाहेर विकलीही जाते. पण त्याच आवारात मळीपासून मद्यार्क काढताना जे काळे पाणी निघते, त्याची गोष्ट एवढी सोपी नाही. त्यातून आधी ज्वलनवायू काढता येतो, उरलेले आटवून जाळता येते किंवा खतात जिरवता येते. ही विद्या आज उपलब्ध आहे. तिला खर्च येतो, आणि तिच्यासाठी हार घालायला कोणी येत नाही. खरी परीक्षा तिथेच होते.

कारखान्याने काढलेले छापील कागद वाचनीय असू शकतात काय, या प्रश्नालाही मराठी माणसापाशी उत्तर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाने माजलेल्या माळावर आपला नांगरांचा कारखाना नेला. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्या कारखान्याने १९२० साली आपल्या गिऱ्हाइकांसाठी 'किर्लोस्कर खबर' नावाचे एक पत्रक काढले. तेही जाहिरातीचेच साधन होते. पण शंकरराव किर्लोस्करांनी त्याची दारे उघडी ठेवली. न रुचणारी, वाद ओढवून घेणारी मते त्यात येऊ दिली, आणि बघता बघता ते महाराष्ट्राचे मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही त्याची भावंडे निघाली. कंपनीच्या पत्रकाला दुसऱ्याचा आवाज सोसला, तर त्याचे काय होऊ शकते, याचे हे घरचे उदाहरण.

आणखी एक. १९७९ साली टाटांच्या पोलाद कंपनीने आपण समाजाविषयीची जबाबदारी पाळतो की नाही, हे तपासायला बाहेरच्या माणसांची समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल तिचे अध्यक्ष. सोबत रजनी कोठारी आणि पुरुषोत्तम मावळंकर हे दोन अभ्यासक. पुढल्या वर्षी समितीचा अहवाल आला. त्या वेळी असा कोणताही कायदा नव्हता. कंपनीने आपल्या वर्तनासाठी आपण होऊन समीक्षक नेमले, असा मी याचा अर्थ करतो. लेखकाला समीक्षक आवडत नाही हे मी अनुभवाने जाणतो. पण समीक्षक नसलेल्या लेखकाचे काय होते, हेही आपण पाहतो.

*

तेव्हा या वाङ्मयाविषयी माझे मत थोडक्यात असे. दोन टक्क्यांच्या पुस्तकाची मला चीड नाही. त्यातून शाळा उभ्या राहतात, मुलींची सोय होते, आणि ते पैसे कोणाच्या तरी घरी हुंड्यात जाण्यापेक्षा आमच्या बाकांत आले हे बरे. पण त्या पुस्तकाला 'जबाबदारी' हे नाव मोठे पडते. त्याला 'दान' म्हणावे. तोही चांगला शब्द आहे. जबाबदारी हे नाव अठ्ठ्याण्णव रुपयांच्या पुस्तकासाठी राखून ठेवावे. कोणते यंत्र बदलले, कोणता रंग, कोणते रसायन वापरायचे सोडले, त्यापायी किती नफा गेला, काय जमले आणि काय फसले, हे ज्यात असेल ते. असे पुस्तक एखाद्या मराठी कारखान्याने काढले, तर त्याची छपाई साधी असली तरी मी त्यावर आनंदाने लिहीन.

आणि ते निघावे यासाठी वाचकांनीही थोडे करायला हवे. वाचकाने मागणी केल्याखेरीज कोणताही वाङ्मयप्रकार सुधारलेला नाही. आज मराठी घरांत असे घर विरळा, की ज्यातले कोणी औद्योगिक वसाहतीत नोकरीला नाही, किंवा ज्याची थोडीफार पुंजी म्युच्युअल फंडाच्या वाटेने एखाद्या कंपनीत नाही. म्हणजे या वाङ्मयाचे आपण नुसते वाचक नाही; थोड्या अंशाने प्रकाशकही आहोत. भाऊबीजेला घरी आलेल्या एखाद्या इंजिनिअर भाच्याला सहज विचारावे, की तुझ्या कारखान्याने यंदा एकूण पाणी किती घेतले, आणि गेल्या वर्षी किती? दर रुपयामागे नको, एकूण सांग. आणि वापरलेले पाणी बाहेर जाते ते कोणत्या वाटेने? त्याला उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्यावर रागावू नये. फराळाचे ताट त्याच्यापुढे सरकवावे, आणि पुढल्या दिवाळीला उत्तर घेऊन ये, म्हणून सांगावे.